बल्लारपूरची पेपर मिल कंपनी जन्मली त्याच वर्षी एक प्राध्यापक शेतकऱ्यांना कारखान्याचे मालक व्हा म्हणून सांगत होता

साल होतं १९४५.

वर्धा नदीच्या काठावरचं बल्लारपूर तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या चांदा जिल्ह्यात होतं. गोंड राजांच्या जुन्या राजधानीचा किल्ला, कोळशाची खाण आणि बल्लारशाह नावाचं रेल्वे स्टेशन एवढीच या गावाची ओळख. त्या वर्षी इथल्या कागद कारखान्यासाठी कंपनी नोंदवली गेली. उद्योगपती करमचंद थापर यांच्या समूहाची ही कंपनी. कारखान्याला लागणार होता बांबू, आणि बांबू होता आजूबाजूच्या शेकडो मैलांच्या जंगलात.

त्याच वर्षाच्या शेवटी नगर जिल्ह्यात बेलापूर रोडला, म्हणजे आजच्या श्रीरामपूरला, कालव्याच्या पाण्यावर ऊस लावणाऱ्या बागाईतदारांची परिषद भरली. अध्यक्ष होते पुण्याचे एक अर्थशास्त्राचे प्राध्यापक. उसाला भाव मिळत नाही, गुळाचा बाजार कोसळतो, खासगी कारखाने जमिनी खंडाने घेतात अशा शेतकऱ्यांच्या तक्रारी होत्या. प्राध्यापकांचं उत्तर होतं, कारखानाच तुमचा काढा.

त्यांचं नाव धनंजय रामचंद्र गाडगीळ.

स्पर्धा परीक्षेचा अभ्यास केलेल्यांना हे नाव गाडगीळ फॉर्म्युल्यामुळे पाठ असतं. पण उद्योगातून निघणारा नफा कुणाचा, त्यात पैसा घालणाऱ्याचा वाटा किती आणि माल किंवा घाम देणाऱ्याचा किती, हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर वेगवेगळ्या बाजूंनी तपासला. या प्रश्नाचं त्यांनी शोधलेलं उत्तर उसाच्या पट्ट्यात चाललं. बांबूच्या पट्ट्यात ते पोचायला फार वर्षं लागली.

गाडगीळांचा जन्म १० एप्रिल १९०१ चा, नाशिकचा. पण शाळा झाली नागपुरात. म्हणजे विदर्भ त्यांना परका नव्हता. नागपुरात टाटांची एम्प्रेस मिल १८७७ पासून चालू होती आणि वऱ्हाडचा कापूस गाठोडी बांधून मुंबईकडे जात होता. शेतकरी कच्चा माल पिकवतो आणि त्याच्यावरची कमाई दुसरीकडे होते, हे चित्र त्या भागात कुणालाही दिसत होतं.

१९१८ मध्ये ते केंब्रिजला गेले. तिथल्या अर्थशास्त्रावर आल्फ्रेड मार्शल यांची छाप होती. मार्शल निवृत्त झाले होते, तरी राहायला केंब्रिजमध्येच होते. याच मार्शल यांनी १८८९ साली इंग्लंडच्या सहकारी चळवळीच्या अधिवेशनाचं अध्यक्षपद भूषवलं होतं. कामगारांना नफ्यात वाटा द्यावा का, कामगारांनी मिळून कारखाना चालवावा का, हे विषय तिथे तेव्हा गंभीर अभ्यासाचे समजले जात. १८४० च्या दशकात पॅरिसच्या लक्लेर नावाच्या रंगकाम ठेकेदाराने आपल्या कामगारांना नफ्यात वाटा दिला होता आणि रॉचडेलच्या विणकरांनी स्वतःचं सहकारी दुकान काढलं होतं. या दोन प्रयोगांची चर्चा युरोपात पुढे कितीतरी वर्षं चालू राहिली.

गाडगीळांनी प्रबंधासाठी विषय घेतला भारताचा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इथले हस्तव्यवसाय कसे मोडले, शेती कशी बदलली, गिरण्या कशा उभ्या राहिल्या याचा तो अभ्यास होता. १९२४ साली तो पुस्तकरूपाने आला आणि पुढे अनेक दशकं भारताच्या आर्थिक इतिहासाचं पाठ्यपुस्तक म्हणून वाचला गेला. तेव्हा लेखकाचं वय होतं तेवीस.

ते परत आले तोवर मुंबईत गिरणी कामगारांचा मोठा झगडा पेटत आला होता. पहिल्या महायुद्धाच्या काळात गिरण्यांनी अफाट नफा कमावला होता आणि कामगारांना काही वर्षं बोनस दिला होता. मग तो बंद केला. १९२४ च्या सुरुवातीला संप झाला. सरकारने मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश मॅक्लिऑड यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने निर्णय दिला की बोनसवर कामगारांचा रूढीने, कायद्याने किंवा न्यायबुद्धीने कुठलाही हक्क नाही. मालकाने दिला तर दिला. दिवाळीत आज जो बोनस हक्काने मागितला जातो, त्याची सुरुवात अशी नकाराने झाली आहे.

गाडगीळ काही काळ मुंबई सरकारच्या अर्थखात्यात होते. सरकारी नोकरीत ते रमले नाहीत. १९२५ मध्ये ते सुरतच्या एम. टी. बी. कॉलेजचे प्राचार्य झाले. त्यांचे सासरे रावबहादूर रावजी रामचंद्र काळे साताऱ्याचे नामांकित वकील. त्यांनी दिलेल्या देणगीतून १९३० साली पुण्यात भारत सेवक समाजाच्या आवारात गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली आणि २९ वर्षांचे गाडगीळ तिचे संचालक झाले. पुढची ३६ वर्षं ते त्या पदावर होते. सासऱ्यांच्या पैशातून संस्था आणि जावई संचालक, हे आज ऐकलं तर भुवया उंचावतील. पण संस्थेने काम काय केलं ते बघितलं की तो विषय मिटतो. काळे यांच्या स्मरणार्थ तिथे दरवर्षी व्याख्यान होई. १९३९ सालचं व्याख्यान डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलं होतं.

त्या काळात अर्थशास्त्र म्हणजे इंग्रजी पुस्तकांवरून वर्गात टिपणं देणं. गाडगीळांनी माणसं घराघरात पाठवली. पुण्यात येणारी फळं कुठून येतात, दलाल मध्ये किती घेतो? मोटार बसचा धंदा कसा चालतो? वाई तालुक्यातल्या शेतकऱ्याचा जमाखर्च काय? पुणे शहरातलं कुटुंब किती कमावतं, कुठल्या खोलीत राहतं? अशी एकामागून एक पाहणी निघाली. घरोघरी फिरून आकडे गोळा करायचे आणि मगच बोलायचं, ही सवय महाराष्ट्रातल्या अर्थशास्त्राला या संस्थेने लावली.

या पाहण्यांतून एक गोष्ट वारंवार पुढे येत होती. शेतकरी अडतो तो कर्जात आणि विक्रीत. सावकार आणि व्यापारी बहुतेक वेळा एकच माणूस असतो. त्याच्याकडून कर्ज घेतलं की माल त्यालाच घालावा लागतो, तो म्हणेल त्या भावाने. म्हणजे नुसती पतपेढी काढून भागत नाही. कर्ज, विक्री आणि प्रक्रिया या तिन्ही गोष्टी शेतकऱ्यांच्या संस्थेकडे आल्या तरच साखळी तुटेल. १९४५ मध्ये त्यांच्या अध्यक्षतेखालच्या शेती वित्त उपसमितीचा अहवाल आला. पुढे १९५१ मध्ये रिझर्व्ह बँकेने जी देशव्यापी ग्रामीण पतपाहणी सुरू केली, तिच्या समितीतही ते होते. १९५४ च्या त्या अहवालाने सरकारने सहकारी संस्थांच्या भांडवलात भागीदार व्हावं असं सुचवलं.

कागदावर मांडलेली ही गोष्ट जमिनीवर उतरवायला मात्र दुसऱ्याच प्रकारचा माणूस लागणार होता. तो लोणीत होता. विठ्ठलराव विखे पाटील. शाळा जेमतेम चौथीपर्यंत, पण १९२३ मध्येच त्यांनी गावात सहकारी पतसंस्था काढली होती. केंब्रिजचा प्राध्यापक आणि लोणीचा शेतकरी यांची जोडी जमली. विखे पाटलांनी गावोगाव फिरून भाग भांडवल गोळा केलं. तेव्हा मुंबई सरकारात अर्थखातं सांभाळणारे वैकुंठभाई मेहता हे सहकारातले मुरलेले कार्यकर्ते. त्यांच्यामुळे सरकारही भागधारक झालं आणि औद्योगिक वित्त महामंडळाचं कर्ज मिळालं. १९५०-५१ च्या हंगामात प्रवरेचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. अध्यक्ष गाडगीळ, उपाध्यक्ष विखे पाटील. जवळपास दहा वर्षं गाडगीळांनी ते अध्यक्षपद सांभाळलं.

शेतकऱ्यांनी कारखाना काढायची ही पहिलीच वेळ नव्हती. सोलापूर जिल्ह्यात माळीनगरला सासवडच्या माळी समाजातल्या बागाईतदारांनी १९३० च्या दशकातच साखर कारखाना काढला होता. पण ती होती लिमिटेड कंपनी. ज्याचे शेअर जास्त त्याची मतं जास्त. प्रवरेत एका सभासदाला एकच मत, मग भाग एक असो की पन्नास.

यातला हिशोब समजून घ्यायला हवा, कारण गाडगीळांच्या विचाराचा गाभा तिथे आहे.

खासगी कारखान्यात ऊस हा खर्च असतो. उसाला कमी भाव दिला की नफा वाढतो आणि तो भांडवल घालणाऱ्याला मिळतो. सहकारी कारखान्यात ऊस घालणारा तोच मालक. भागावरच्या लाभांशाला मर्यादा घातलेली असते. मग उरलेला पैसा जातो कुठे? उसाच्या भावात. ज्याने जितके टन ऊस घातला त्याला त्या प्रमाणात. म्हणजे नफ्याची वाटणी झाली, पण वाटणीचं माप बदललं. पैसा किती गुंतवला हे माप गेलं, माल किती दिला हे माप आलं.

आता याच काळात दिल्लीत काय चाललं होतं ते बघा. १९४८ साली केंद्र सरकारने कामगारांना नफ्यात वाटा देण्याचा विचार करायला एक समिती नेमली होती. समितीने सुचवलेला हिशोब थोडक्यात असा. आधी गुंतवलेल्या भांडवलावर सहा टक्के परतावा बाजूला काढा. त्यानंतर जो जादा नफा उरेल त्याचा निम्मा कामगारांचा. प्रत्येक कामगाराला किती? त्याने मागच्या बारा महिन्यांत जितकी मजुरी कमावली त्या प्रमाणात. कापड, ताग, पोलाद, सिमेंट, टायर आणि सिगारेट या सहा उद्योगांत पाच वर्षं करून बघा.

दोन्ही हिशोब शेजारी शेजारी ठेवले तर चुलत भाऊ वाटतात. एकात उसाचं वजन, दुसऱ्यात मजुरीची रक्कम. भांडवलाला ठरावीक भाडं द्यायचं आणि उरलेलं काम करणाऱ्यांत त्यांच्या वाट्याने वाटायचं.

प्रवरेचा हिशोब चालला. दिल्लीचा फायलीत राहिला. उद्योगपतींचा विरोध होता आणि एकमत झालं नाही. प्रश्न मग कोर्टकचेरीत गेला. १९५० मध्ये कामगार अपिलीय न्यायाधिकरणाने मुंबईच्या गिरण्यांच्या खटल्यात बोनसचं सूत्र ठरवलं, १९६१ मध्ये बोनस आयोग नेमला गेला आणि १९६५ मध्ये बोनस कायदा आला. किमान ४ टक्के, कमाल २० टक्के. किमान आकडा नंतर ८.३३ टक्के झाला, म्हणजे वर्षाला एक महिन्याचा पगार. १९२४ साली ज्याला हक्क नाही म्हटलं तो हक्क झाला खरा, पण नफ्यातली भागीदारी त्यातून जवळजवळ हरवली. तोटा असला तरी किमान बोनस द्यायचा, म्हणजे तो लांबणीवर टाकलेला पगारच झाला. कारखान्याचा कारभार कसा चालावा यात कामगाराला काही म्हणणं मिळालं नाही.

इथे प्रवरेच्या प्रयोगातलीही एक मोठी फट सांगायला हवी. या कारखान्यांचे मालक झाले ते ऊस पिकवणारे. कारखान्यात बॉयलरपाशी उभा राहणारा कामगार सभासद नव्हता. बीड, नगरच्या दुष्काळी भागातून कोयता घेऊन येणारं ऊसतोड कुटुंब तर हिशोबातच नव्हतं. जमीन ज्याच्याकडे त्याला मालकी मिळाली, ज्याच्याकडे फक्त हात होते तो मजूरच राहिला. पाचच वर्षांनी, १९५६ मध्ये, स्पेनमधल्या मोंद्रागोनला कामगारच मालक असलेला कारखाना सुरू झाला. आपल्याकडेही १९५० च्या दशकाच्या अखेरीस कॉफी हाऊसच्या कामगारांनी सहकारी संस्था काढून ती चालवायला घेतली. १९६९ मध्ये कण्णूरला विडी कामगारांची दिनेश विडी उभी राहिली. महाराष्ट्राचा सहकार त्या वाटेने फारसा गेला नाही.

मग बल्लारपूरचं काय झालं?

बल्लारपूरची मिल १९५० च्या दशकात कागद काढू लागली. गावाचं शहर झालं. आंध्रातून, उत्तरेतून माणसं कामाला आली. मिलमधली नोकरी म्हणजे पगार, क्वार्टर आणि दिवाळीचा बोनस. या शहराची कितीतरी कुटुंबं त्या भोंग्यावर जगली हे विसरता येणार नाही.

पण कच्च्या मालाची गोष्ट वेगळी होती. लोणीच्या शेतकऱ्याकडे ऊस स्वतःचा होता, म्हणून तो अडवून धरू शकत होता, भाग घेऊ शकत होता, कारखाना काढू शकत होता. भामरागड, एटापल्ली, धानोऱ्याच्या गोंड आणि माडिया माणसाच्या दारात बांबू होता, पण तो त्याचा नव्हता. जंगल एकतर सरकारचं होतं, नाहीतर अहेरीसारख्या जमीनदारीचं. १९५१ मध्ये जमीनदाऱ्या गेल्या आणि ते जंगलही सरकारकडे आलं. १९२७ च्या वन कायद्यात बांबूची गणना झाडातच होत असे. सरकारने कागद कारखान्यांशी दीर्घ मुदतीचे करार केले. आदिवासी स्वतःच्याच गावचा बांबू कंत्राटदाराच्या हाताखाली बंडलाच्या दराने तोडू लागला. ज्याच्याकडे द्यायला माल नाही त्याला मालाच्या प्रमाणात वाटा कसा मिळणार? गाडगीळांचं सूत्र इथे येऊन अडत होतं.

एक प्रयत्न झाला होता. मुंबई राज्यात बाळासाहेब खेरांच्या काळात, १९४७ पासून, जंगल कामगारांच्या सहकारी संस्था सुरू झाल्या. ठेकेदाराला काढून झाडतोडीचं काम थेट आदिवासींच्या संस्थेला द्यायचं आणि नफा सरकार व संस्था यांनी वाटून घ्यायचा. ठाणे, खानदेशात त्या आधी रुजल्या. विदर्भ १९५६ मध्ये मुंबई राज्याला आणि १९६० मध्ये महाराष्ट्राला जोडला गेल्यावर त्या चांदा जिल्ह्यातही आल्या. काहींनी चांगलं काम केलं, काहींत जुने ठेकेदारच मागच्या दाराने बसले. आणि तिथेही जंगल सरकारचंच होतं, संस्थेला मिळत होतं ते काम.

गाडगीळ एव्हाना दिल्लीच्या वाटेवर होते. १९६६ मध्ये त्यांनी गोखले संस्था सोडली, पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले, राज्यसभेवर गेले आणि १९६७ मध्ये नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. वाटपाचा तोच जुना प्रश्न आता देशाच्या आकाराचा होऊन त्यांच्यासमोर आला. केंद्राचा पैसा राज्यांत वाटायचा कसा? तोवर ज्याचं दिल्लीत वजन त्याला जास्त असा कारभार चाले. १९६९ च्या सूत्राने ६० टक्के भार लोकसंख्येला दिला. उरलेले ४० टक्के दरडोई उत्पन्न, कर गोळा करण्याची धडपड, मोठे पाटबंधारे-वीज प्रकल्प आणि राज्याच्या खास अडचणी या चौघांना दहा-दहा. हाच तो गाडगीळ फॉर्म्युला. त्याच वर्षी त्यांच्या अभ्यासगटाने बँकांनी एकेक जिल्हा वाटून घ्यावा असं सुचवलं. त्यातून लीड बँक योजना आली. तुमच्या जिल्ह्याच्या बातम्यांत अग्रणी बँक हा शब्द आजही येतो, तो तिथला.

१९७१ च्या निवडणुकीनंतर आयोगाची फेररचना झाली. गाडगीळांनी पद सोडलं आणि पुण्याकडे निघाले. ३ मे १९७१ रोजी, त्याच परतीच्या प्रवासात, रेल्वेतच त्यांचं निधन झालं. वय सत्तर.

त्यांच्या घरातून मात्र हा विषय सुटला नाही. कन्या सुलभा ब्रह्मे अर्थशास्त्रज्ञ झाल्या. मुलगा माधव गाडगीळ जीवशास्त्राकडे वळले आणि फिरत फिरत बांबूपाशीच पोचले. कर्नाटकात दांडेलीच्या कागद कारखान्याला १९५० च्या दशकात बांबू टनाला दीड रुपयाने दिला गेला होता आणि टोपल्या विणणाऱ्या बुरुडाला तोच बांबू बाजारात कैक पट भावाने घ्यावा लागत होता, हे त्यांनी अभ्यासातून पुढे आणलं. नंतर चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावांत त्यांचं जाणं-येणं राहिलं.

तिथे १९९० च्या दशकात धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाने पेपर मिलच्या बांबू करारांना हरकत घेतली होती. २००६ चा वनहक्क कायदा आल्यावर २००९ मध्ये या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. तरी वाहतुकीचा पास वनखात्याकडेच होता, आणि पासाशिवाय बांबू गावाबाहेर नेणं म्हणजे चोरी. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि पासाचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं. पुढच्याच वर्षी बल्लारपूरपासून फार लांब नसलेल्या गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावलाही हक्क मिळाला. तिथे बांबू तोडणारे गावचे, मजुरीचा दर ठरवणारी ग्रामसभा गावची, लिलाव करणारीही तीच. मजुरी वाटून उरलेला पैसा ग्रामसभेच्या खात्यात जातो आणि त्याचं काय करायचं ते सगळे बसून ठरवतात.